पायरीवरच्या चपला

रक्षाविसर्जन झालं. घाटावरून माणसं
परस्पर कामाला गेली,
कुणाकुणाच्या तारखा होत्या.
मी शाहूपुरीत आले, ऑफिसची किल्ली माझ्याकडं,
बघते तर चपला पायरीवरच.

तशा त्या कायमच पायरीवर.
राजमती आप्पासाहेब मगदूम, बी.ए., एलएल.बी.,
उंबऱ्याच्या आत चामडं चालत नव्हतं त्यांना.
पाकीट कापडी, घड्याळाचा पट्टा कापडी,
फायलींना सुतळी.
आणि ह्या एवढ्याच:
सुभाषनगरात माझ्या बापानं शिवलेल्या,
सात वेण्या, लाल गोंडा,
तळात विंचवाचं बी घातलेलं,
चाललं की कर्रकर्र.

अठ्ठ्याऐंशी साल. थोरल्या अक्काची पोटगी,
अडीच वर्षं, तारखेवर तारीख,
निकाल लागला तेव्हा बापाच्या खिशात
एस.टी.चं तिकीट फक्त.
‘पायाचं माप द्या बाई,’ म्हणाला
आणि जीभ चावली त्यानं.
त्यांनी फुलस्केप कागद फरशीवर टाकला, वर पाय ठेवला,
पेन्सिल पुढं केली.
‘काढा. रेघ सरळ नसली तरी चालंल, खरी पायजे.’
पोकळ हात थरथरत होता त्याचा,
करंगळीजवळ रेघ हलली आहे,
कागद अजून आहे माझ्याकडं.

जुन्या कोर्टात बाररूमला त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती,
अकरा वर्षं.
रेकॉर्डरूमच्या बाकावर डबा खायच्या, उंदरांशेजारी.
त्या कोर्टात ह्या चपला घालून गेल्या.
साहेब म्हणाले, ‘बाई, आवाज.’
‘माझ्या पक्षकाराचा आहे, साहेब. नोंद घ्यावी.’
किस्सा खरा की वकिलांनी रचलेला?
एकदा विचारलं.
‘पुराव्यात बसत नाही. सोड.’

येणं-देणं एका लाल वहीत.
शिवाप्पा तेली: दोन ढेपा गूळ, पोचला.
हलिमा मुजावर: काही नाही, सुखरूप पोचली.
माझ्या बापाचं पान:
चपला एक जोड, जमा.
बाकी: धाकटीची दहावी.
मग ते खोडून, वर बारीक अक्षरात: बारावी.
मग तेही खोडून.
पान भरलं तरी खातं बंद केलं नाही त्यांनी.

गोड नव्हत्या. कुणी तसं बोललं तर खोटं आहे.
रविवारी दहा ते एक ओट्यावर बायका बसायच्या,
सातबारा वाचायला शिकायच्या,
‘अंगठा नको. वाकडी असू दे, सही कर.
रडायचं तर आत्ता रडून घे, मग तारखा सांग.’
माझा पहिला दावा मी नऊ वेळा लिहिला.
आणि हरले.
गंगावेशीतून चालत आले, तोंड दाखवायचं नव्हतं.
भाकरी, शेंगदाण्याची चटणी पुढं सरकवली त्यांनी,
बाजूला फाईल.
‘अपिलाला तीस दिवस. त्यातला आजचा गेला.’

परवा शोकसभेत चौघं म्हणाले, पोकळी.
मला हसू आलं, पदरात दाबलं.
‘कुठली? चतुःसीमा सांगा,’
असं विचारलं असतं त्यांनी.

आज पुतण्या म्हणाला, ‘टाकू काय ह्या?’
‘ठेव,’ म्हटलं.
कुणी नव्हतं तेव्हा पाय घालून बघितला.
दोन बोटं मोठ्या आहेत.
मग पायरीवर बसून एरंडेल लावत बसले,
वेणीवेणीत बोट घालत, बाप लावायचा तसं.

कागलकडची कुणी बाई आली, कडेला पोर,
पिशवीत नोटिशीचा कागद दुमडून दुमडून चिंधी झालेला.
चपला बाहेर म्हणजे बाई आत,
अख्ख्या गल्लीला ठाऊक, तिलाही कुणीतरी सांगितलेलं.
‘हाईत न्हवं आत?’

तेलाचे हात पदराला पुसले मी.
काय सांगायचं ते सुचेना.
पोराच्या पायात काही नव्हतं,
फरशी तापलेली.
‘आधी सावलीत ये,’ म्हटलं.