मधला हमाल

मिरजेत औषध मागितलं
की गोळीआधी बातमी घरी पोचते.
म्हणून रात्री दीडला
मी प्रश्न आधी ऑस्लोला पाठवते,
तिथून झुरिक, मग कुठल्यातरी
नाव उच्चारता न येणाऱ्या गावी.
पहिल्याला माझं दार ठाऊक, प्रश्न नाही.
शेवटच्याला प्रश्न दिसतो, मी नाही.
मधला सर्व्हर नुसता हमाल,
पाठीवर तोंड शिवलेलं पोतं.

स्क्रीनवर चकती फिरत राहते.
वेळ लागतो. लागू दे.

उत्तर आलं.
दोनदा वाचलं. पुसलं.

सकाळी जिन्याखाली
सतारीची खुंटी पिळता पिळता कासमचाचा
मान वर न करता म्हणाले,
"रात्री तुझा दिवा बराच वेळ होता."
मग खुंटी जरा सैल केली,
पुढं काही विचारलं नाही.