करोडगिरीची पाटी

काट्यावर ट्रक आधी भरलेला तोलतात, मग रिकामा.
मधला फरक म्हणजे भंगार.
बत्तीस वर्षं मी तो फरक लिहीत आलो
निळ्या कार्बनच्या पावतीवर, तीन प्रतींत.

पलीकडे भट्टी.
जालन्याच्या भट्टीला काहीही चालतं:
वाकलेला रूळ, शिवणयंत्राचं चाक, पाळण्याच्या कड्या.
सकाळी आत गेलं की दुपारी लाल सळया होऊन
सापासारखं सरसरत बाहेर.

तिच्या तोंडून जे ओढून काढता आलं ते घरी आणलं.
मालक हसायचा, किलोच्या भावानं पगारातून कापून घ्यायचा.
बायको म्हणायची, लोक घरातून भंगार काढतात,
तुम्ही काय करू राह्यले?

मागच्या खोलीत आता
रॉकेलची एनॅमल पाटी, मोर छाप, मोराला मान नाही;
चाकात हवा भरायच्या पंपाची तबकडी, काटा तीसवर अडकलेला;
कुठल्याशा लढाईतून परतलेलं लोखंडी टोप,
ज्यात नंतर कोंबड्या पाणी प्यायच्या
(अजून आत दाण्याचा वास आहे);
रस्त्याकडेची एक मैलपट्टी, वर नुसता आकडा,
मला तो डोंगरासारखा दिसला, म्हणून टोक वर करून टांगली.

आणि ही.
देऊळगाव राजाच्या रस्त्यावरची, करोडगिरी नाक्याची.
इकडं निजामाचं राज्य संपायचं, तिकडं वऱ्हाड सुरू व्हायचं.
वर उर्दू, खाली मराठी: गाडी थांबवा, माल दाखवा.
"माल"च्या मधोमध
बोट जाईल एवढं भोक.

वाचायला लिंबाजीमास्तरांना रिक्षात घालून आणलं.
सातवीपर्यंत उर्दूत शिकलेला गावातला शेवटचा माणूस.
आधी त्यांनी मैलपट्टी पाहिली.
"डोंगर धरलास तर आठ. उलटी कर. दरी झाली? आता सात."
मग खरं काय, मास्तर?
"ते खांबाला ठाऊक."
खांब केव्हाच भट्टीत गेला होता.
अकरा वर्षं माझ्या भिंतीवर
एक मैल जास्तीचा होता, किंवा नव्हता.

तेवढ्यात लाडलेभाई आले, उधारीच्या पावत्या न्यायला.
पाटी दिसली तसे दारातच थांबले.
मग आत येऊन तिच्या मागच्या बाजूला गेले,
नुसतेच उभे राहिले.
"हमारे दादा नाके पे थे. इधर कू खडे थे बोलके सुनाय."

मास्तर पुढच्या बाजूला खुर्चीत.
त्यांचा थोरला भाऊ त्या वर्षी वऱ्हाडातल्या कॅम्पात होता,
रात्री हद्द ओलांडून यायचा, हे मला माहीत होतं.
लाडलेभाईंना माहीत होतं का, कोण जाणे.
मधे पाटी. भोकातून
मास्तरांना लाडलेभाईंच्या सदऱ्याचं एक बटण दिसत असावं.

मी चहा ठेवायला गेलो आणि मुद्दाम वेळ लावला.
परत आलो तर दोघं हाली रुपयाबद्दल बोलत होते,
कलदारला त्याचे किती कमी यायचे, यावर भांडत होते,
आणि भांडताना मास्तर उर्दूत घसरले होते,
लाडलेभाई मराठीत.

दादांचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.
भाऊ परत आला का, तेही नाही.
निघताना मास्तर म्हणाले, "भोक बुजवू नको हं.
तुझा काही भरवसा नाही, लांबी-बिंबी भरशील."
लाडलेभाईंनी पावत्या तिथंच विसरल्या.

रात्री पाटी घरच्या तराजूत घातली.
दोन किलो आठशे.
पावती काय फाडणार. भरल्याचं वजन आज मिळालं,
रिकाम्याचं कुणाकडं मागू?

पावसाळ्यात भोकाच्या कडेला गंज धरतो.
मी खोबरेल तेल लावतो, बोट आतून गोल फिरवतो.
पुढून काही लागत नाही.
मागून
कापतं.