चौथा बाक

डंडीच्या मंडळीत ठराव झाला:
डावीकडचे बाक काढायचे, खाटा टाकायच्या.
अकरा हात वर. एफीचा नाही.

तरी शनिवारी पाना घेऊन तीच आली.
गंजलेले स्क्रू शिव्या दिल्याशिवाय हलेनात.
पाळकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चौथ्या बाकाखाली वाळलेलं च्युइंगम
आणि खिळ्यानं कोरलेलं: रॉरी.
तिनं बोट फिरवलं.
तेवढी फळी घरी नेली.

आता तिथं लिथुआनियाचा एक गवंडी झोपतो,
बूट उशाशी,
घोरणं असं की ऑर्गननं लाजावं.

रविवारी उपासनेची वेळ होते, तो उठत नाही.
कुणीतरी हलवायला जातं.
राहू दे, एफी म्हणते,
प्रभूही होडीत झोपलाच होता.
घाबरले होते, त्यांनीच उठवलं त्याला.