चाती

मेणाच्या ठोकळ्यावरून पातं सरकतं,
चार मायक्रॉनची चकती कोमट पाण्यावर येते.
सुरकुतली तर ओढायची नाही,
ब्रशनं नुसतं खुणवायचं.
उलगडते.

गयाबाई निवृत्ती सोनकांबळे, वय चौसष्ट,
तालुका पाथरी.
नमुना : गर्भपिशवी.

काचेवर जांभळं आणि गुलाबी.
डावीकडे ग्रंथी, वेड्यावाकड्या,
तरी ओळखू येतात, अस्तराच्याच लेकी.
काच जरा सरकवली
तर चात्याच चात्या,
लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या,
कुणी कातत नसताना भरलेल्या.
आणि मधेच एक निळसर बेट :
कूर्चा.
पिशवीत! जिथं हाडाचं काही कामच नाही.

अब्बा जाफर गेटला हिमरू विणायचे,
सुताच्या अंगावर रेशीम.
मला उलटी बाजू आवडायची,
सुट्या धाग्यांची, गिऱ्हाइकाला न दाखवायची.
म्हटलं, हेही तसंच असेल, दोन जातींचं सूत
एका मागावर आलेलं.

मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला.
नाही गं नुसरत. पेशी एकच होती.
थांब म्हणणाऱ्या जनुकात एक अक्षर बदललं,
मग आणखी कुठं, मग आणखी.
तिनं शेजारणीचा हात सोडला,
अंग लांबवलं,
आणि चालायला लागली.

म्हणजे रेशमाचंच सूत झालं,
हे मी अब्बांना कसं सांगू?
ते म्हणतील, ऐसा होता नै बेटा.

दुपारी खिडकीशी लेक आली,
पदरात रिपोर्टची पावती घट्ट.
"दोन गाठी निघाल्या म्हणं, ताई?
एक कमी वाईट, एक जास्त?"
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं. तसा नियम आहे.
ती गेली नाही.
"आमी पाचजण त्यातच व्हतो," म्हणाली,
"तवा तर काही नव्हतं."
पाण्याची बाटली भरून घेतली,
परभणीची गाडी किती वाजता, विचारलं.

एक ठोकळा मुंबईला जायचाय,
जनुकं वाचायला.
डबीत कापूस, डबीला चिकटपट्टी.
कुरिअरचा पोरगा पेन पुढं करतो :
मॅडम, आत काय लिहू?

मेण, म्हणते मी.

किंमत?
तो रकाना तसाच राहतो,
आणि त्याची मोटरसायकल
पहिल्या किकला सुरू होत नाही.