अजनी, खापरी, गुमगाव

कल्याणी खोकं घेऊन आली.
त्यात सहा प्लग, चार दिवे, एक बोलका डबा.
दोन दिवस पेचकस घेऊन घरभर फिरली
आणि जाताना सगळ्यांना नावं ठेवून गेली.
लिव्हिंग रूम लॅम्प वन. मास्टर बेडरूम फॅन.
मी म्हटलं, बाई, बेसाच्या या फ्लॅटमध्ये
खोल्या दोन. मास्टर कोणती?

यांच्या तोंडून लॅम्प निघत नाही.
झटक्यात आधी उजवा हात गेला,
मग पाणी गेलं, चहा गेला, माझं नाव गेलं.
मागे उरलं ते 'बे' आणि 'अस्सं'.
डबा म्हणतो, माफ करा, मला समजलं नाही.
मराठी येते त्याला, पण इकडची नाही.
खोटं कशाला बोलू, मलाही नेहमी समजत नाही.

बँकेत अर्धा तास जास्त लागला
तर मे महिन्यात माणूस बंद कूलरसमोर बसून राहतो,
बटन दिसत असतं, हात पोचत नसतो.
त्यासाठी तर आणलं ना हे सगळं.

निमजे मॅडम येतात मंगळवारी, बोलणं शिकवायला.
त्या म्हणाल्या, सुटा शब्द हरवतो,
ओळीने पाठ असलेलं आत कुठेतरी शिल्लक असतं.
आकडे म्हणवून बघा, वार म्हणवून बघा, आरती.
आरती यांना कधीच पाठ नव्हती.

पण एकोणतीस वर्षं टपालाच्या डब्यात उभे होते,
धावत्या गाडीत पत्रं छाटत.
नुसतं 'बंडूभाऊ, मोठ्या विहिरीपाशी' लिहिलेलं असलं
तरी न बघता नेमक्या खणात भिरकवायचे.
एका रात्री लांब मालगाडीची शिट्टी झाली
आणि अंधारात हे बोलले,
अजनी.
खापरी.
गुमगाव.
एकाही अक्षराला अडखळले नाहीत.

सकाळी चष्मा लावून बसले मी फोन घेऊन.
पोरीने ठेवलेली नावं एकेक करून पुसली.
कूलर झाला अजनी, कारण अजनी लगेच येते
आणि उन्हाला धीर नसतो.
पंखा खापरी. उशाजवळचा दिवा गुमगाव.
टीव्ही बुटीबोरी, तिथे कारखान्यांचा कलकलाट म्हणून.
संडासातला दिवा बोरखेडी.
कल्याणीचा फोन आला, आई, काय करून ठेवलंस?
म्हटलं, छाटणी.

आता अडचण अशी, की मधलंच स्टेशन यांना म्हणता येत नाही.
बोरखेडीला जायचं तर अजनीहून निघावं लागतं.
रात्री दोनला उठले की आधी कूलर घरघरतो,
पंखा फिरतो, दिवा लागतो,
बुटीबोरीत बातम्यावाला ओरडायला लागतो,
मग कुठे संडासात उजेड.
समोरचे लांजेवार विचारत होते,
काऊन हो वहिनी, रोज रात्री कोणाचं लग्न लावून राहिले तुम्ही?
बिल साडेतीनशेनं वाढलं. वाढू दे.

बोरखेडीनंतर येते सिंदी.
तिला मी काहीच जोडलं नाही.
एक प्लग उरला होता, तरी नाही.
सिंदी माझं माहेर.
लग्नाआधी हे तिथल्या फलाटावर
टपालाची थैली खाली द्यायच्या निमित्ताने
दारात उभे राहायचे, आणि मी उगाच
कोणाला तरी घ्यायला आलेली असायची.

काल दुपारी मी कणीक मळत होते.
आतून एकेक स्टेशन येत होतं.
कूलर, पंखा, दिवा, बातम्या, बोरखेडी.
मग,
सिंदी.
डबा म्हणाला, या नावाचं काही सापडलं नाही.
हे परत म्हणाले, सिंदी.
मी पिठाच्या हातांनी दारात गेले, म्हटलं, ओ.

पुढे तुळजापूर होतं, सेलू रोड होतं, वर्धा होती.
गाडी हलली नाही बराच वेळ.