अर्थिंग

चिलिकॉथीत थंडी सरली. गॅरेजचं शटर अर्धं वर.
मोटरसायकलचे दोन जुने डोळे काढून
एकच बसवायचाय, वेग आणि फेरे एका तबकडीत.

डार्लीन टॉर्च धरते.
पेपरमिलमध्ये एकतीस वर्षं काढलेली बाई,
सांगितल्याशिवाय उजेड हलवत नाही.

लाल जोडली, पांढरी जोडली, इग्निशनची पिवळी.
किल्ली फिरवली, तर काटा
रुसल्या जावयासारखा शून्यावर अडून.

"अर्थ लागत नाहीये," मी मराठीतच पुटपुटलो
आणि एकटाच हसलो.
काय झालं, ती म्हणाली. कसं सांगू,
की आमच्याकडे एकाच शब्दात
पैसाही येतो, मतलबही,
आणि ही काळी वायरसुद्धा.

तिने बोल्टाखाली नख घासलं.
"रंग आहे. तुझी वायर लोखंडाला टेकलीच नाही."

मागच्याच महिन्यात मारलेला चकचकीत निळा
नाण्याएवढा खरवडला.
काटा थरथरला, उठला,
थेट दोन हजारांवर. इंजिन तर नुसतं गुरगुरतंय.
"सेटिंग चुकलंय. एकेक ठोका दोनदा मोजतोय तो."
रात्री मीही मोजतो,
पण हे बोललो नाही.

रूट पन्नासवर चक्कर मारून आलो.
शाळेजवळच्या रडारच्या पाटीवर बेचाळीस,
काट्यावरही बेचाळीस.
जुन्याने सत्तेचाळीस सांगितले असते.

परतलो तर डार्लीन त्याच जुन्या तबकड्या
फडक्याने पुसत बसलेली.
"खोटं बोलतात त्या," मी म्हटलं.
"थोडंसंच," ती म्हणाली,
आणि पिशवीत टाकल्या.