काळी एक, एकवीस टक्के

मे महिन्यात कंपूतली वीज पहाटे चारला जाते, सहाला येते.
इतकं वक्तशीर आमच्या ऑफिसात कुणी नव्हतं,
मी धरून.

निवृत्त झालो त्याच आठवड्यात गाण्याची शिकवणी लावली.
सरनोबतबाई म्हणाल्या, वर्षभर नुसता षड्ज.
तंबोरा विकत घ्यायचा तर चौदा हजार,
मोबाईलमधला फुकट.
मी आयुष्यभर लेखापरीक्षण केलेला माणूस.

तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर मोबाईल,
त्यात तंबोरा, काळी एक,
आणि कोपऱ्यात एक आकडा,
जो रोज माझ्या दमाच्या आधी संपायचा.

इंदरगंजात नदीमला म्हटलं, नवी बॅटरी टाक.
त्याने फोन पालथा केला, पाठीवर अंगठा ठेवला,
म्हणाला, ताप आहे.
(ग्वाल्हेर, शेहेचाळीस अंश. कुणाला नाही?)
तो हिंदीत बोलत होता, मी मराठीत ऐकत होतो:
बॅटरी मरत नाही काका, मारतात तिला.
कट्ट्यावर उन्हात ठेवू नका, उशीखाली तर नकोच.
रात्रभर चार्जरला लटकवून ठेवता,
पोट भरल्यावर तुम्हाला कुणी वाढत राहिलं तर?
ऐंशीला पानावरून उठवा, विसाला पुन्हा बसवा.
पैसे घेतले नाहीत. तशी नोंद केली.

घरी येऊन सेटिंग्ज उघडलं
तर आत अख्खा खर्चाचा तक्ता.
पडदा: एकेचाळीस.
टॉवर शोधण्यात: तेवीस
(भिंती दगडी, दीड हात जाडीच्या;
बिचारा रात्रभर हाका मारत हिंडतो).
मेव्हण्याचे विनोद, आपोआप उतरणारे: बारा.
मी कुठे आहे हे कुणालातरी कळवण्यात: नऊ.
मी तर घरीच होतो.
किरकोळ: अकरा. किरकोळमध्येच सगळे लपवतात.
तंबोरा: चार.

चार.
पस्तीस वर्षं लोकांच्या वह्यांत हेच पाहिलं,
कामाचं कलम सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक,
आणि लाल पेन्सिलीचं टिंब देऊन पान उलटलं.

त्या रात्री एकेक आक्षेप काढत बसलो.
उजेड इतका उतरवला
की काचेत अक्षरांऐवजी माझी हनुवटी दिसायला लागली.
ठिकाण बंद. मेव्हणा बंद.
शेवटी विमानाचं चित्र दाबलं.
विमानात मी एकदाच बसलोय, हैदराबादच्या ऑडिटला;
तेव्हाही असेच कानात दडे बसले होते
आणि खाली कुणाचंच माझ्यावाचून अडत नव्हतं.

शैला म्हणाली, टँकरवाल्याचा फोन आला तर?
पहाटे कुठला टँकरवाला येतो?
येतो एखादा.

चार वाजून तीन मिनिटांनी पंखा थांबला.
एकवीस टक्के.
पडदा विझवला, आणि अंधारात नुसता तंबोरा,
खोलीत ठेवलेला आहे असा,
हात लांबवला तर गवसणी लागेल असा.
मी सा लावला.
आज आकडा दिसत नव्हता म्हणून असेल,
पहिल्यांदाच स्वतःची गळती ऐकू आली:
थोडा दम खांद्यात, थोडा भुवयांत,
शेजारचे टिकेकर जागे असतील का, यात तर निम्मा.
याला कुठलं चित्र दाबायचं, नदीमने सांगितलं नव्हतं.
पुन्हा लावला. पुन्हा.
एकदा, साधारण उजाडताना,
दोन श्वासांएवढा वेळ, बहुतेक,
मी आणि मोबाईल एकाच खात्यावर होतो.

सहाला पंखा फिरला.
फोनमध्ये चौदा शिल्लक. माझ्यात शून्य.
विसाखाली गेलाच होता, पण म्हटलं,
हे नदीमला कळवायचं कारण नाही.

विमान उतरवलं तसा फोन कट्ट्यावर थरथरत सरकायला लागला,
थरथर बंद करायची राहून गेली होती.
सात शुभ सकाळ, त्यांतल्या चारांत तोच गुलाब.
आणि पाच वाजून दहा, पाच अकरा, पाच चौदा:
टँकरवाला, टँकरवाला, टँकरवाला.

दारात शैला, हातात दोन बादल्या,
दोन्ही कोरड्या.

आक्षेप मान्य.